जुन्या सायन्स फिक्शन मालिकांमध्ये कोणीच सिगारेट ओढताना का दिसत नाही? त्यातले कलाकारही ओढत नव्हते का?

तुम्ही लिहिलंय की सध्या जुनी ‘स्टार ट्रेक’ बघताय आणि ‘एंटरप्राइझ’ यानावर कुणाच्याही हातात सिगारेट दिसत नाही. साठच्या दशकातली मालिका असूनही हे कसं, आणि ते कलाकार खऱ्या आयुष्यातही निर्व्यसनी होते का, असा तुमचा प्रश्न आहे.

थोडक्यात सांगायचं तर ‘स्टार ट्रेक’ हा अपवाद होता. त्या काळच्या इतर मालिकांमध्ये धूर भरपूर होता. आणि कलाकार निर्व्यसनी मुळीच नव्हते. खुद्द स्पॉक, म्हणजे यानावरच्या त्या लांब कानांच्या अधिकाऱ्याचं काम करणारे लिओनर्ड निमॉय, सिगारेटमुळे जडलेल्या ‘सीओपीडी’ या फुप्फुसाच्या आजाराने गेले.

हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. आमच्याकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. बाबा पलंगाच्या कडेला बसून बघायचे, हातात बिनफिल्टरची सिगारेट आणि मांडीवर बशी. त्या बशीचा कप केव्हाच फुटला होता, म्हणून ती राखेसाठी ठेवलेली. खिडकीतून ऊन तिरपं यायचं आणि धुराचे पट्टे सरकत सरकत टीव्हीच्या काचेपर्यंत जायचे. पडद्यावर धूर नव्हता, खोलीत होता. तेव्हा हे लक्षातही आलं नाही. बाबा सिगारेट ओढतात ही गोष्ट घड्याळ टिकटिक करतं इतकी सवयीची होती.

आता त्या काळच्या अमेरिकेकडे बघा. १९६५ साली तिथली सुमारे ४२ टक्के प्रौढ माणसं सिगारेट ओढत होती. टीव्हीचा मोठा आधारच तंबाखू कंपन्यांच्या जाहिराती होत्या. ‘द फ्लिंटस्टोन्स’ हे घरोघरी बघितलं जाणारं कार्टून. त्याच्या सुरुवातीच्या काळात फ्रेड आणि बार्नी ही त्यातली पात्रंच ‘विन्स्टन’च्या जाहिरातीत सिगारेट ओढायची. अश्मयुगातल्या कार्टूनला जे चाललं, ते २३व्या शतकातल्या यानाला का चालू नये, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पात्रांच्या हातात सिगारेट द्यावी असा आग्रह झाला आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी अडून बसले, असं ‘स्टार ट्रेक’च्या निर्मितीबद्दल सांगितलं जातं. पुढच्या शतकांतला माणूस हे व्यसन मागे टाकून आलेला असेल, असं त्यांचं म्हणणं.

हा हट्ट किती मोठा होता हे तारखा बघितल्या की कळतं. सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असं सांगणारा अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल ११ जानेवारी १९६४ ला आला. तो मुद्दाम शनिवारी जाहीर केला, कारण शेअर बाजार कोसळेल ही भीती होती. ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ ला लागला आणि शेवटचा जून १९६९ मध्ये. अमेरिकेत टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या त्या १९७१ उजाडल्यावर. म्हणजे मूळ मालिका चालली ते सगळे दिवस सिगारेटचा पैसा टीव्हीवर राजरोस खेळत होता.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट हातांची आहे. त्या काळच्या नटाला सिगारेट म्हणजे हाताला काम. पेटवायची, झुरका घ्यायचा, राख झटकायची, संवादात थांबायचं असेल तर धूर सोडायचा. ती काढून घेतली की हातांचं करायचं काय? स्पॉकचे हात बघा. पाठीमागे बांधलेले, नाहीतर बोटांची टोकं जुळवून छातीसमोर धरलेले. मानेजवळ चिमटीत पकडून माणसाला बेशुद्ध करायची युक्ती निमॉय यांनीच सुचवलेली. बोटं दोन-दोन जोडून मधे फट ठेवायची ती प्रसिद्ध सलामीही त्यांचीच. लहानपणी बॉस्टनच्या सिनेगॉगमध्ये आशीर्वाद देताना धर्मगुरूंचे हात त्यांनी तसे पाहिले होते. सप्टेंबर १९६७ च्या ‘अमोक टाइम’ या भागात ती पहिल्यांदा दिसली. सिगारेट नव्हती म्हणूनच हे सुचलं, असा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या दोन बोटांत सिगारेट असती तर ही सलामी तिथे मावली नसती, असं मला मनापासून वाटतं.

बाकी मालिकांचं चित्र वेगळं. ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेचे जनक रॉड सर्लिंग दुसऱ्या सीझनपासून कॅमेऱ्यासमोर येऊन गोष्टीची प्रस्तावना करायचे. काळा सूट, आवळलेला जबडा आणि बऱ्याचदा बोटांत जळती सिगारेट. पुढच्या आठवड्याच्या गोष्टीची झलक देऊन झाली की ‘चेस्टरफील्ड’ सिगारेटची शिफारसही करायचे. ती नुसती जाहिरात नव्हती, ते स्वतः दिवसाला कित्येक पाकिटं ओढायचे. १९७५ साली हृदयविकाराचे झटके आले, शस्त्रक्रिया झाली आणि २८ जूनला ते गेले. वय ५०. त्यांच्या प्रस्तावना आज लावल्या की मी गोष्टीकडे नाही, त्या बोटांकडे बघत बसतो.

इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट १९६५ पासून टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. दोनच महिन्यांनी ‘थंडरबर्ड्स’ सुरू झाली आणि तिच्यातली लेडी पेनेलोपी ही कठपुतळी लांब होल्डरमध्ये सिगारेट लावून ऐटीत बसलेली. जाहिरात गेली तरी सिगारेट म्हणजे रुबाब हे समीकरण कुठे जातंय? १९७० मधल्या ‘यूएफओ’मध्ये तर जमिनीखालच्या गुप्त मुख्यालयात कमांडर स्ट्रेकर सिगार ओढतो. जमिनीखाली, बंद हवेत! तेव्हा हे कुणाला खटकलं नसावं, कारण ऑफिसं तशीच असायची.

‘डॉक्टर हू’चा एक प्रसंग मात्र जरूर बघा. नोव्हेंबर १९६३, मालिकेचा दुसराच भाग. विल्यम हार्टनेल यांनी केलेला काळातून प्रवास करणारा डॉक्टर अश्मयुगात पोहोचलाय, फिरत फिरत एकटा पुढे जातो, पाइप काढतो, काडी ओढतो. ज्या टोळीला आग पेटवायची विद्या उरलेली नाही त्या टोळीतला एक जण झुडपाआडून हे बघतो, डॉक्टरला आडवा करतो आणि उचलून नेतो. ‘याच्या बोटांतून आग निघते’ असं तो टोळीला सांगतो. डॉक्टर शुद्धीवर येतो तर काड्या हरवलेल्या. पाइप ओढायच्या एका तलफेवर पुढचं सगळं संकट उभं राहतं. त्यानंतर तो पाइप परत दिसत नाही.

नव्वदच्या दशकात केबलवर ‘द एक्स-फाइल्स’ बघितली असेल तर त्यातला सिगारेट ओढणारा माणूस आठवेल. पहिल्या भागात तो एक शब्दही बोलत नाही, कपाटाला टेकून नुसता धूर सोडतो आणि तेवढ्यात कळतं की घोटाळा इथेच आहे. तोवर सिगारेट नायकाच्या हातून खलनायकाकडे गेली होती. ही भूमिका करणारे विल्यम बी. डेव्हिस यांनी सिगारेट कित्येक वर्षांपूर्वी सोडलेली होती. सुरुवातीला त्यांनी खरी तंबाखू ओढली, मग तलफ परत लागायची भीती वाटली म्हणून बिनतंबाखूच्या, वनस्पतींच्या सिगारेट घेतल्या. इतक्या वर्षांनीही ती भीती राहते, हे ज्याने सोडलीय त्यालाच कळेल.

आता निमॉय. त्यांनी सिगारेट सोडली ती ऐंशीच्या दशकात, मालिका संपून बरीच वर्षं झाल्यावर. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी ट्विटरवर लिहिलं की मी ३० वर्षांपूर्वी सोडली, पण पुरेशी लवकर नाही, मला सीओपीडी झालाय, आजोबा सांगतायत, आत्ता सोडा. शेवटी नेहमीची सही, दीर्घायुष्य आणि भरभराट चिंतणारी. पुढच्या वर्षी, २७ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले. वय ८३.

सीओपीडीला आपल्याकडे लोक सरसकट दमा म्हणतात, पण तो दमा नव्हे. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या भिंती फाटत जातात आणि नळ्या अरुंद होतात. आत घेतलेली हवा नीट बाहेरच पडत नाही, म्हणून नव्या श्वासाला जागा उरत नाही. सिगारेट सोडली की ऱ्हासाचा वेग कमी होतो, म्हणून कुठल्याही वयात सोडावी. पण फाटलेल्या भिंती परत येत नाहीत. माझ्या बाबांना अंघोळ करून खुर्चीपर्यंत यायला मधे दोनदा थांबावं लागायचं. एक हात भिंतीला, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचे, फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवला होता तसा.

निमॉय यांचा तो संदेश मी बाबांना फोनवरून वाचून दाखवला होता. त्यांचं नेब्युलायझर चालू होतं. मास्क खाली करून त्यांनी विचारलं, “लांब कानांचा तो? आपण रविवारी बघायचो तो?” मी हो म्हटलं. “तीस वर्षं झाली त्याला सोडून?” हो. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “माझी सतरा,” म्हणाले, आणि मास्क परत वर चढवला.