सुपरहिरो कॉमिक्समध्ये बापाचा त्याग तुम्हांला सर्वांत खरा कुठे वाटला?

एक्स-मेनच्या कथांमधल्या समर्स घराण्यात. आपण प्रश्नात सुपरमॅनच्या बापाचे, जोर-एलचे, उदाहरण देऊन, मुलासाठी प्राण देणारा बाप हाच त्यागाचा सर्वोच्च नमुना मानावा का, असे विचारले आहे. मला तसे वाटत नाही. या कथांमध्ये मेलेली पात्रे वर्षा-दोन वर्षांत परत येतात, त्यामुळे तिथे मरणाचे मोल फार उतरलेले आहे. मुलाचे बालपण मात्र परत येत नाही, आणि बापाने ते स्वतःच्या हाताने सोडून दिले असेल तर पुढच्या कोणत्याही अंकात त्याची भरपाई होत नाही.

या घराण्यात ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलेली दिसते. अलास्कावरून उडणाऱ्या विमानावर शिआर या परग्रहवासीयांचा हल्ला होतो आणि हाताशी पॅराशूट एकच असते. आई ते थोरल्या स्कॉटला बांधते, धाकट्या अ‍ॅलेक्सला त्याच्या मिठीत देते आणि दोघांना खाली ढकलते. स्कॉट ओमाहाच्या अनाथाश्रमात वाढतो. त्याचे वडील क्रिस्टोफर अंतराळात कॉर्सेअर या नावाने चाचेगिरी करत जिवंत असतात, आणि मोठा झालेला मुलगा समोर आल्यावरही बराच काळ नाते उघड करत नाहीत. ती उडी मला समजते. हे मौन क्षमा करणे मला अवघड जाते.

हाच स्कॉट, म्हणजे सायक्लॉप्स, १९८६ मध्ये मेली असे समजलेली आपली जुनी प्रेयसी जीन ग्रे जिवंत असल्याचे कळताच पत्नी मॅडेलिन आणि तान्ह्या नेथनला सोडून निघून जातो. याला त्याग म्हणता येणार नाही. ही सरळ जबाबदारी टाकणे आहे. पुढे मॅडेलिन मरते, मुलगा पुन्हा त्याच्याजवळ येतो आणि तो खऱ्या अर्थाने बाप होऊ लागतो. नेमक्या त्याच वेळी, १९९१ च्या ‘एक्स-फॅक्टर’च्या ६८ व्या अंकात, अपोकॅलिप्स हा खलनायक त्या बाळाला टेक्नो-ऑरगॅनिक व्हायरसची लागण करतो, आणि त्याचे कोवळे शरीर धातूचे होऊ लागते. भविष्यातून आलेली अस्कानी पंथाची एक स्त्री सांगते की तिच्या काळात बाळ वाचू शकेल, पण ते तिथून परत येणार नाही. स्कॉट बाळ तिच्या हाती देतो. एकदा स्वेच्छेने सोडलेले मूल, आता सोडवत नसताना, त्याला सोडावे लागते, म्हणूनच हे दृश्य मला इतके खोल वाटते. वसुदेवाला निदान आपले बाळ यमुनेपलीकडे गोकुळात आहे, एवढे तरी ठाऊक होते.

१९९४ च्या चार अंकांच्या मालिकेत लेखकांनी स्कॉटला थोडे परत दिले. मधुचंद्रावर असताना त्याचे आणि जीनचे मन त्या दूरच्या भविष्यात ओढले जाते, आणि तिथे परक्या शरीरांत, स्लिम आणि रेड या नावांनी, ती दोघे नेथनला सुमारे बारा वर्षे वाढवतात. मग त्यांना परत यावे लागते, आणि मुलगा पुन्हा पोरका होतो.

तो मुलगा म्हणजे केबल. (१९९० मध्ये हे पात्र प्रौढ सैनिक म्हणूनच अवतरले आणि नेथनशी त्याचा धागा नंतर जोडला गेला, पण ही जोडणी फार चांगली बसली.) २००८ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत केबल होप नावाच्या बालिकेला छातीशी बांधून भविष्यातल्या एका उजाड काळातून दुसऱ्यात पळत राहतो. बिशप हा पूर्वीचा एक्स-मेन तिच्या जिवावर उठलेला असतो, तरीही केबल तिला दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करत नाही. अखेर २०१० च्या ‘सेकंड कमिंग’मध्ये, भविष्यात गेलेल्या सहकाऱ्यांना परत येता यावे म्हणून काळाचे दार उघडे धरताना, आयुष्यभर मनोबलाने रोखून धरलेला तो व्हायरस तो मोकळा सोडतो आणि त्यातच संपतो.

तोही पुढे परत आला, हे खरे आहे. पण तो गेला तेव्हा होप मोठी झालेली होती आणि तिचे बहुतेक बालपण त्याच्याच सोबत सरले होते. बापाचा हात सुटला तेव्हा स्कॉटच्या किंवा नेथनच्या वाट्याला एवढे आले नव्हते.