मारबतीचे फोटो अर्धे राखाडी दिसतायत, लॅपटॉप कार्ड फॉरमॅट करायला सांगतोय. फोटो परत मिळतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: कार्ड ६४ जीबीचं, त्यावर नागपूरच्या मारबत-बडग्यांच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचे दिवसभराचे फोटो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बहुतेक ठीक दिसतात, पण लॅपटॉपला लावलं की कधी ‘आधी फॉरमॅट करा’ असा निरोप येतो, तर कधी कार्ड उघडतं आणि बरेच फोटो वरून नीट, खालून राखाडी निघतात. माझ्या मते यातले पुष्कळ परत मिळतील. फक्त आत्तापासून त्या कार्डावर काहीही लिहिलं जाऊ देऊ नका.

फॉरमॅटची खिडकी आली की ‘कॅन्सल’ दाबा. कार्डाच्या कडेला बारीक सरकपट्टी असते, ती ‘लॉक’कडे सरकवा. मायक्रोएसडी असेल तर ही पट्टी त्याच्या अ‍ॅडॉप्टरला असते. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ सुचवेल, त्यालाही नाही म्हणा. त्याला तुमच्या फोटोंशी देणंघेणं नसतं, कार्ड निर्धोक उघडलं की त्याचं काम झालं. मग ज्या तुकड्यांचा पत्ता लागत नाही ते ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ फायली करून टाकून देतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे ‘बघू तर, कार्ड चालतंय का’ म्हणून त्यावरच आणखी दोन फोटो काढणं. नवा फोटो नेमका जुन्याच्या जागेवर बसला की तो जुना कायमचा गेला.

आता कार्ड रीडर बदलून बघा. मी नागपूरच्या महाल भागात फोटो आणि लग्नाच्या अल्बमचं काम करतो. माझ्याकडे ‘कार्ड उडालं’ म्हणून येणाऱ्यांत कार्ड धडधाकट आणि रीडर म्हातारा, असा प्रकार नेहमी असतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यावरची एसडीएक्ससी. एसडीएचसीच्या काळातला रीडर ६४ जीबीच्या कार्डाला फॉरमॅट मागू शकतो, त्यात कार्डाचा काही दोष नसतो. दुसरा चांगला रीडर आणा, नाहीतर कॅमेराच केबलने लॅपटॉपला जोडा. तोच फोटो एका रीडरवर फाटका आणि दुसऱ्यावर अखंड दिसला, तर तुमचं काम तिथेच झालं.

कॅमेऱ्यावर ठीक दिसतात, यावर मात्र फार विसंबू नका. पडद्यावर कॅमेरा बहुतेक वेळा फोटोच्या फायलीत दडवलेली छोटी प्रत दाखवतो. ती फायलीच्या सुरुवातीलाच असते, त्यामुळे पुढचा मजकूर (डेटा) फाटला तरी ती शाबूत राहते. जेपीईजी फोटो पूर्ण झूम करून बघा. तिथे कॅमेऱ्याला मूळ चित्र वाचावं लागतं आणि मग खरी गोष्ट कळते.

राखाडी भागाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘रिपेअर करून देतो’ म्हणणारे याच जागी पैसे उकळतात. जेपीईजीमध्ये चित्र वरून खाली, लहान लहान चौकोनांच्या रांगेत दाबून भरलेलं असतं. ही भरण अशी असते की एक बिट जरी चुकला तरी त्यापुढचं काय वाचायचं याचा हिशेबच बिघडतो. शिवाय प्रत्येक चौकोनाचा रंग आधीच्या चौकोनापासून किती फरकाने आहे, तेवढंच लिहिलेलं असतं. म्हणून कधी पिवळी मारबत अर्ध्यातून अचानक जांभळी होते आणि चित्र बाजूला सरकलेलं दिसतं. अशा फोटोत मजकूर आहे, पण मध्ये एक खोट आहे. ती सुधारणारी सॉफ्टवेअर असतात, आणि कधीकधी बऱ्यापैकी काम करतात. सपाट राखाडीचा अर्थ वेगळा. वाचणाऱ्या प्रोग्रामला तिथे पुढचा मजकूरच मिळाला नाही. तो कार्डावर दुसरीकडे पडलेला असेल तर शोधता येतो, लिहिलाच गेला नसेल तर जगातला कुठलाही माणूस आणू शकत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फायलींत, काढले असतील तर एक आशा असते: त्या फायलीत कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली जेपीईजी प्रत असते, बऱ्याच कॅमेऱ्यांत चांगली मोठी. रॉ उघडली नाही तरी ‘एक्झिफटूल’ या फुकट प्रोग्रामने ती वेगळी काढता येते.

आता मुख्य काम. थेट कार्डावर रिकव्हरी चालवू नका, आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एकाच फायलीत जशीच्या तशी प्रत, करून घ्या. विंडोजवर ‘विन३२ डिस्क इमेजर’ने होतं. त्यात ‘रीड’ आणि ‘राइट’ ही बटणं शेजारीशेजारी आहेत, दाबायचं ते ‘रीड’. वर फायलीचं नाव लॅपटॉपच्या ड्राइव्हवरचं द्या, आणि कार्डाच्या ड्राइव्हचं अक्षर बरोबर निवडलंय ना, ते दोनदा बघा. कार्डावर फोटो थोडे असले तरी इमेज पूर्ण ६४ जीबीचीच होणार, तेवढी जागा आधी मोकळी करा. वाचताना मध्येच अडकत असेल तर कार्डच मरणपंथाला लागलंय असं समजा. अशा वेळी लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ बरं. खराब जागा सोडून ते आधी चांगलं तेवढं उचलतं, आणि मग उरलेल्यासाठी परत येतं.

इमेज हातात आली की ‘फोटोरेक’ वापरा. फुकट आहे, ‘टेस्टडिस्क’बरोबर एकाच डाउनलोडमध्ये येतं. त्याचा काळा पडदा बघून लोक बिचकतात, पण त्यातच ‘क्यूफोटोरेक’ ही खिडकीवाली आवृत्तीही असते. तिथे ‘अ‍ॅड अ रॉ डिस्क इमेज’ निवडून आपली फाइल द्यायची. कार्डावर फोटो वेगळे आणि कुठला तुकडा कुठे आहे याचा तक्ता वेगळा असतो. फोटोरेक त्या तक्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. जेपीईजी फाइल एफएफ डी८ या बाइट्सनी सुरू होते, तशा खुणा शोधत ते सरळ कार्डभर फिरतं. म्हणून तक्ता पार उडाला तरी फोटो सापडतात. पण नावं गेली ती गेली. ‘रिकप_डिर’ नावाच्या फोल्डरांत आकड्यांच्या नावांनी फोटो पडतील, आणि महिन्याभरापूर्वी डिलीट केलेलेही वर येतील. घाबरू नका, फोटो काढल्याची तारीख-वेळ प्रत्येकाच्या आत लिहिलेली असते, त्यावरून क्रम लावता येतो.

नागपुरात बर्डीवरची दुकानंही रिकव्हरी करून देतात, वाईट काही नाही. फक्त आधी विचारा, कार्डाची इमेज घेणार का? ‘ते काय असतं?’ असं उत्तर आलं तर कार्ड खिशात घालून निघा. कार्ड कुठल्याच रीडरवर दिसत नसेल तर मात्र हे घरगुती उपाय थांबवा. ते काम चिपमधून थेट डेटा काढणाऱ्या लॅबचं. ती महाग पडते, त्यामुळे त्या फोटोंची तुम्हाला किती किंमत आहे ते आधी ठरवा.

हे झालं कशाने? नागपुरात सगळं उन्हावर ढकलायची सवय आहे. पण एसडी कार्डं साधारण ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, आणि मारबत तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पावसाळ्यात. मला संशय बर्स्टचा, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढण्याचा, येतो. नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा बटणावरचं बोट कुणाचं उचललं जातं? फोटो आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) जातात, मग सावकाश कार्डावर उतरतात. तेव्हा कॅमेऱ्यावर लागणारा लाल दिवा लुकलुकत असताना बॅटरी संपली किंवा कार्ड ओढलं, तर शेवटचे फोटो अर्धवट आणि तक्ताही अर्धवट. फॅट३२ आणि एक्सफॅट या कार्डावर फायली मांडायच्या दोन पद्धती. फॅट३२ कार्डात त्या तक्त्याच्या दोन प्रती असतात, तुमच्या ६४ जीबीच्या एक्सफॅटमध्ये बहुधा एकच.

दुसरा संशय बनावट कार्डाचा. फुटलेले फोटो इकडेतिकडे विखुरले नसून एका ठरावीक फोटोनंतरचे सगळेच फुटले असतील, तर तो पक्का करा. अशा कार्डात, समजा, ८ जीबीच्या चिपला ६४ असल्याचं सांगायला शिकवलेलं असतं. पहिले ८ जीबी नीट, पुढचं एकतर हवेत जातं किंवा आधीच्याच डोक्यावर लिहिलं जातं. तसं असेल तर पुढचे फोटो विसरा. फोटो वाचवून झाल्यावर, आणि झाल्यावरच, रिकाम्या कार्डावर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ चालवा. ते पूर्ण कार्ड भरून परत वाचतं. एकही चूक दाखवली तर ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका. पास झालं तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरा.

जाता जाता व्हिडिओबद्दल. फोटोरेकने काढलेली एमपी४ क्लिप उघडली नाही तर लगेच टाकू नका. चित्रीकरण मध्येच तुटलं की क्लिपची अनुक्रमणिका लिहायची राहून जाते, कारण कॅमेरा ती बहुधा शेवटी लिहितो. ‘अनट्रंक’ नावाचा फुकट प्रोग्राम त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक चांगली क्लिप नमुना म्हणून घेतो आणि तुटलेलीची अनुक्रमणिका बांधायचा प्रयत्न करतो. तेव्हा त्या दिवशीची एखादी धड चालणारी क्लिप, कितीही फालतू असली तरी, जपून ठेवा.