जुन्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी अडकत चालते, नवीन घ्यावा का?

नका घेऊ. मशीनमध्ये पेंटियम ४ प्रोसेसर आहे, विंडोज एक्सपी आहे, व्हीसीडी नीट चालतात आणि फक्त डीव्हीडी अडकते, दुकानदार मात्र प्रोसेसरला दोष देतोय, असं तुम्हीच लिहिलंय. मग तो तुम्हाला फसवतोय.

आमच्या घरी हेच झालं होतं. तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती जुन्या कॅसेटवरून डीव्हीडीवर उतरवून घेतली होती. सगळी भावकी बघायला जमलेली. तात्या घिस्सा डाव ओढायला वाकले की चित्र जागच्या जागी थिजायचं, हलगी तेवढी तुटक तुटक वाजत राहायची, आणि चित्र पुढं सरकेपर्यंत समोरचा पैलवान पाठीवर पडलेला. ज्यासाठी माणसं आली, तेच दिसेना. दादानं मशीन शाहूपुरीतल्या एका दुकानात नेलं. त्यांनी रॅम वाढवली, पैसे घेतले, तरी तेच. मग म्हणाले, "मशीन दमलंय, नवीन घ्या." दादा लगेच तयार झाला. मी आडवा पडलो.

खरं कारण वेगळं होतं. डिस्कवर चरा असला की डीव्हीडी ड्राइव्ह तोच भाग परत परत वाचत बसतो. एक्सपी त्या चुका मोजते आणि ड्राइव्हला डीएमए या माहिती पोचवायच्या जलद पद्धतीवरून पायरीपायरीनं पीआयओ या संथ पद्धतीवर उतरवते. डीएमएत माहिती थेट मेमरीत जाते. पीआयओत ती प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावी लागते. मग डीव्हीडीवरचं एमपीईजी-२ पद्धतीनं दाबून भरलेलं चित्र उलगडायला त्याला उसंत कुठली? व्हीसीडीचं चित्र ३५२ × २८८, ते तसंही निभावतं. डीव्हीडीचं ७२० × ५७६, म्हणजे चौपट.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनल (डीव्हीडी ड्राइव्ह बहुधा याच जोडणीवर असतो) उघडा, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जच्या टॅबमध्ये 'करंट ट्रान्सफर मोड' बघा. पीआयओ दिसला तर तो चॅनल अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. एक्सपी तो पुन्हा ओळखते, डीएमए परत येतो. आमच्याकडं त्याच संध्याकाळी अख्खा घिस्सा दिसला, तात्यांनी तो चारदा मागं घेऊन बघितला.

दादा अजून म्हणतो, नशिबानं चाललं, दुकानवाल्यापेक्षा तुला जास्त कळतं का? या बाबतीत कळतं. दुकानवाल्यानं तो टॅब उघडलाच नव्हता.

हां, डिस्कच खराब असेल तर एक्सपी पुन्हा पीआयओवर घसरेल. घरची डीव्हीडी असेल तर तिला कॉपी रोखणारं कुलूप नसतं. तिच्यावरचा व्हिडिओ-टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा. विंडोज ९८ असेल तर डीएमएची खूण ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये हातानं करावी लागते. आणि एवढं करूनही दुकानात जायचंच असेल, तर दुकानदाराला आधी ती 'ट्रान्सफर मोड'ची ओळ दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर मशीन उचला आणि घरी या.