बंद कपाटातल्या बुटांना कुबट वास

प्रश्न : दाराजवळच्या बंद कपाटात आम्हा पाच जणांचे बूट, जॅकेटं आणि छत्र्या असतात. सगळ्यालाच कुबट वास येतो, जॅकेटांवर बुरशी धरते. काय करावं?

उत्तर : ओल आत कोंडते, म्हणून हे होतं. बाहेरून आलेले बूट लगेच कपाटात ठेवू नका. आतले सोल काढा, कागदाचे बोळे कोंबा आणि रात्रभर उघड्यावर ठेवा. कागद भिजला की बदला. चामड्याचे बूट कडक उन्हात वाळवू नका, तडकतात. छत्री उघडूनच वाळवा, नाहीतर काड्या गंजतात. कपाटाच्या दाराला वर आणि खाली, दोन्हीकडे भोकं पाडून घ्या. नुसती वर असली तर हवा खेळत नाही. बुरशी धरलेली जॅकेटं घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा. जॅकेटं हँगरवर, दोन बोटांचं अंतर ठेवून लावा. लहान मुलांना मात्र खुंट्याच बऱ्या, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर.