भयपट संथ असूनही शेवट अंगावर येतो, तो कशामुळे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘स्लो-बर्न’, म्हणजे हळूहळू भीती वाढवत नेणारे, म्हणून नावाजलेले दोन भयपट पाहिले, दीड-दीड तास काहीच घडलं नाही, आणि शेवटी जे घडलं तेही फुसकं निघालं. मग लोकांना यात आवडतं तरी काय, आणि खरोखर जमलेला एखादा आहे का?

आधी जमलेला सांगतो, म्हणजे बाकीचं त्याच्या आधाराने बोलता येईल. हिदेओ नाकाता यांचा १९९८ सालचा जपानी ‘रिंग’. अमेरिकेत २००२ साली तो पुन्हा बनवला, तोही वाईट नाही, पण तुम्ही मूळचाच बघा. आणि हो, पुढे मी शेवटासकट सगळं फोडणार आहे. पाहिला नसेल तर इथेच थांबा, पाहून या, मग वाचा.

मी तो हॉस्टेलवर असताना पाहिला. शेजारच्या खोलीतल्या एकाने सीडी आणून दिली, वर काळ्या मार्करने नाव खरडलेलं. ‘बघून झाली की पुढे दे’, एवढंच बोलला. सीडीवर ओरखडे होते, मध्येच अडकली तर पंचाईत, म्हणून मी आधी तिची एक कॉपी मारून ठेवली आणि रात्री जेवण आटोपून हेडफोन लावून बसलो.

गोष्ट एका ओळीची आहे. एक व्हिडिओ टेप आहे. ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी पाहणारा मरतो. रेको नावाची पत्रकार या अफवेमागे लागते, टेप तिच्या हाती लागते, ती पाहते. फोन वाजतो. इथून पुढे दिग्दर्शकाला भूत दाखवायची गरजच उरत नाही. मधूनमधून पडद्यावर फक्त तारीख उमटते. बाई गाडी चालवतेय, जुनी कात्रणं चाळतेय, घटस्फोट झालेल्या नवऱ्याशी तुटक तुटक बोलतेय. यातलं एकही दृश्य भीतीदायक नाही, पण आपण मनातल्या मनात बोटं मोजत बसलेलो असतो: तीन गेले, चार उरले.

टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल, दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा दचका. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर पंधरा मिनिटांची धास्ती. उदाहरण सगळेच देतात, पण त्यातली एक गोष्ट गळून जाते. हिचकॉकच्या त्या खोलीत घड्याळ आहे, आणि बॉम्ब किती वाजता फुटणार हेही प्रेक्षकाला ठाऊक आहे. तुम्हाला जांभया आणणाऱ्या सिनेमांत बहुधा हे घड्याळच नसावं. अंधारा पॅसेज, कुरकुरणारं दार, दबकत चालणारी नायिका सगळं असतं, पण कशाची वाट बघायची तेच सांगितलेलं नसतं. एसटी साडेसातची आहे हे माहीत असलं की सात पस्तीसला जीव वरखाली व्हायला लागतो. वेळापत्रकच नसेल तर माणूस फलाटावर नुसता पेंगतो.

हा झाला ताण. शेवट फुसका निघण्याचं कारण मात्र वेगळं असतं, आणि मला जास्त रस त्यात आहे.

‘रिंग’च्या पहिल्याच प्रसंगात दोन शाळकरी मुली घरात गप्पा मारत असतात. फोनची भीती त्यांनाही आहे आणि आपल्यालाही. त्यात टीव्ही आपोआप सुरू होतो. पडद्यावर बेसबॉलची मॅच, बाकी काही नाही. आपण ते विसरून जातो. पुढे सिनेमाभर कुठे ना कुठे टीव्ही आहेच, पण टेप बघायला टीव्ही लागणारच, म्हणून त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही. टेपमध्ये शेवटी एक विहीर दिसते. पुढे ती विहीर खरोखरच सापडते. रेको आणि तिचा आधीचा नवरा र्‍युजी बादल्यांनी पाणी उपसतात, हात सोलवटतात, दिवस बुडतो, सातव्या दिवसाची वेळ भरत आलेली. विहिरीच्या भिंतीत अडकलेली नखं दिसतात, म्हणजे जिचा शाप त्या टेपमध्ये आहे त्या सादाकोला आत टाकलं तेव्हा ती जिवंत होती. अखेर रेकोच्या हाती तिची कवटी लागते, आणि ती घाबरून मागे सरायच्या ऐवजी तिला पोटाशी धरते. वेळ टळून गेलेली असते. रेको जिवंत आहे.

इथे आपण सुटकेचा श्वास टाकतो. अतृप्त आत्म्याला हाडं मिळाली, माया मिळाली, शांत झाला. आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टी इथेच संपतात, त्यामुळे आपल्याला तर शंकाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी र्‍युजी घरी टेबलाशी काहीतरी लिहीत बसलाय. उजेड आहे. मागचा टीव्ही आपोआप सुरू होतो. तीच विहीर. विहिरीतून एक हात वर येतो, मग पांढऱ्या कपड्यातली, केस तोंडावर आलेली ती अडखळत पुढे येते, आणखी पुढे, आणि काचेतून थेट खोलीत उतरते. फरशीवर टेकलेली तिची बोटं जवळून दिसतात. बोटांना नखं नाहीत. नखं कुठे राहिली ते आपण कालच पाहिलंय. (ही भूमिका काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचं शिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीने केली. तिला उलटं चालायला लावून ते चित्रण उलटं फिरवलंय, म्हणून ती चाल माणसाची वाटतही नाही आणि नाही असंही म्हणवत नाही.)

या प्रसंगात नवीन वस्तू एकही नाही. टीव्ही, विहीर, नखं सगळं आधी दाखवलेलं, फक्त त्याचा अर्थ एका क्षणात फिरतो. फुसक्या शेवटात नेमकं उलटं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत कुठलातरी पंथ, कुठलातरी जुना ग्रंथ, कुठलीतरी जुळी बहीण बाहेर काढतात. ते कितीही भयानक असो, आपण त्याची वाट पाहिलेलीच नसते.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’. (नाव पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, गोष्ट पूर्ण निराळी.) कणकेची बाहुली टाकली की हस्तर नावाचा भुकेला, शापित देव येतो, तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा लुटायच्या, हा नियम आपल्याला तोंडपाठ होतो. मग नायकाच्या पोराच्या डोक्यात येतं, एका बाहुलीने काय होणार, पुष्कळ बाहुल्या नेऊ आणि अख्खा लंगोटच पळवू. एक बाहुली, एक हस्तर. पुष्कळ बाहुल्या, तर किती? थिएटरमध्ये बसलेल्या कोणालाही हा हिशोब करता आला असता. मला आला नाही.

१९७५ च्या ‘जॉज’चं नाव या बाबतीत हटकून निघतं. तिथे यांत्रिक शार्क सतत बिघडायचा म्हणून तो फारसा दाखवताच आला नाही, हे खरंच आहे. पण त्यावरून ‘भूत जितकं लपवाल तितकं चांगलं’ असं सूत्र काढणाऱ्यांनी तुमचे ते दोन सिनेमे केले असावेत.

‘रिंग’चं एक सांगायचं राहिलं. र्‍युजी मेला, मग रेको का वाचली? हाडं मिळाल्यामुळे नव्हे. तिने टेपची कॉपी काढून र्‍युजीला दाखवली होती, म्हणून. सुटायचा मार्ग तेवढाच, कॉपी काढा आणि दुसऱ्याला दाखवा. तिच्या लहान मुलानेही टेप पाहिलेली असते. शेवटच्या दृश्यात ती व्हीसीआर गाडीत घालून स्वतःच्या वडिलांकडे निघालेली दिसते.

मी हेडफोन काढले तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. कॉपी टेबलावरच पडली होती. सकाळी मेसला जाताना ती समोरच्या खोलीतल्या मुलाच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘चांगला आहे, आजच बघ.’