वाचकांचे प्रश्न : दहा फुटी फ्लेक्सवर बोधचिन्ह का फुटते?

प्रश्न : हळद आणि मसाले तयार करणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत प्रसिद्धीचे काम आम्ही तिघे पाहतो. बोधचिन्हाची आमच्याकडे एकच जेपीजी फाइल आहे. व्हिजिटिंग कार्डावर ती स्वच्छ उमटते. परंतु प्रदर्शनासाठी दहा फुटी फ्लेक्स छापला, तेव्हा बोधचिन्हाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसल्या आणि आम्ही युनिकोडमध्ये टंकून पाठवलेल्या मजकुरातील 'निर्मिती' हा शब्दही फुटला. आता व्हेक्टर सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले आहे. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप यांपैकी कोणते घ्यावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सॉफ्टवेअर निवडण्याआधी आपल्या फ्लेक्सचा साधा हिशेब पाहू. आपली जेपीजी ६०० पिक्सेल रुंद आहे असे धरले, तर कार्डावरील दोन इंची बोधचिन्हात दर इंचाला ३०० पिक्सेल येतात आणि ते सुबक दिसते; तेच ६०० पिक्सेल १२० इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम पाच उरतात. पायऱ्या दिसणारच. व्हेक्टर फाइलमध्ये ठिपके साठवलेले नसतात. रेषा कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत आणि किती वळण घेत जाते, एवढेच गणित तिथे असते, त्यामुळे आकार कितीही वाढवला तरी कड धारदार राहते. (या वक्ररेषांना ज्यांचे नाव मिळाले ते बेझिए हे फ्रान्समधील रेनो या मोटार कंपनीत अभियंता होते आणि गाड्यांच्या पत्र्याचे बाक रेखण्यासाठी त्यांनी ही पद्धत वापरात आणली. आज आपला 'ळ' त्याच गणितावर उभा आहे.)

तेव्हा पहिला खर्च सॉफ्टवेअरवर न करता बोधचिन्ह जाणत्या कलाकाराकडून एकदा नव्याने रेखून घेण्यावर करावा. जेपीजीवरून आपोआप रेषा काढून देणारी सोय या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण देवनागरीसाठी मी तिच्यावर विसंबणार नाही. तिच्यातून निघालेले अक्षर मोठे करून पाहा : शिरोरेखा सरळ असण्याऐवजी किंचित लहरत गेलेली असते, काना वर आणि खाली वेगवेगळ्या जाडीचा होतो आणि जिथे चार बिंदू पुरले असते तिथे चाळीस बिंदूंची गर्दी होते. हातात मूळ फाइल आली की तिची आडवी मांडणी, उभी मांडणी आणि एकरंगी आवृत्ती करून घ्यावी. खोक्यावरील छपाई आणि रबरी शिक्का यांसाठी एकरंगी आवृत्ती लागतेच, आणि ऐन वेळी ती कोणाकडेच नसते.

आता निवडीकडे वळू. माझ्या मते हा निर्णय आपल्या कार्यालयात घेण्याआधी आपल्या छापखान्यात जाऊन विचारावा. महाराष्ट्रातील फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांकडे बहुधा 'सीडीआर (म्हणजे कोरलड्रॉची फाइल) पाठवा' असेच सांगितले जाते, आणि तसे असेल तर कोरलड्रॉ घेणे सोयीचे ठरते. मात्र कोरलच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून छापखान्याची आवृत्ती विचारून 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये तीच निवडावी. पाकिटांचे काम मोठ्या पॅकेजिंग छपाईकाराकडे जात असेल आणि तिथे इलस्ट्रेटर चालत असेल, तर त्याचा विचार करावा; ते वर्गणीवरच मिळते, हे अंदाजपत्रकात धरावे. इंकस्केप मोफत आहे, त्याची मूळ फाइल एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारातील असते आणि संकेतस्थळावरील चिन्हे किंवा समाजमाध्यमांवरील चित्रे यांसाठी ते उत्तम आहे. परंतु त्याचे काम मुख्यतः आरजीबी (पडद्यावरील लाल, हिरवा, निळा) रंगांत चालत असल्याने छपाईची पीडीएफ स्क्रायबससारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, काढावी लागते. तिघांच्या संघासाठी रचना करणाऱ्या एकाकडे छापखान्याशी जुळणारे सॉफ्टवेअर आणि उरलेल्या दोघांकडे इंकस्केप, ही वाटणी मला पुरेशी वाटते. कोणाकडून तरी आणलेली क्रॅक केलेली प्रत कंपनीच्या संगणकावर घालू नये.

'निर्मिती' फुटण्याचे कारण वेगळे आहे. या शब्दात ऱ्हस्व वेलांटी टंकली जाते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी आधी; आणि रफार 'म'च्या डोक्यावर चढायला हवा. युनिकोड मजकुराची ही उलटापालट सॉफ्टवेअरने करायची असते. जुन्या आवृत्त्यांना ती नीट जमत नाही, म्हणूनच कित्येक डीटीपी केंद्रांत अजूनही श्रीलिपीसारख्या स्वतंत्र सांकेतिकीकरणाच्या अक्षरसंचांवर काम चालते. इलस्ट्रेटरमध्ये 'प्रेफरन्सेस'मधील 'टाइप' या विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करावे लागतात, अन्यथा तिथेही हाच घोळ होतो. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मजकूर कर्व्ह करून पाठवणे : कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. असे केल्यावर अक्षरे केवळ आकृत्या होतात आणि समोरच्याकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाही. पण मग शुद्धलेखनाची चूकही दुरुस्त करता येत नाही, म्हणून मुद्रितशोधन आधी उरकावे आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी. फाँट निवडताना मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यात आहेत का, तेही पाहावे; 'टिरो देवनागरी मराठी' हा मोफत संच त्याच हेतूने केलेला आहे.

प्रश्न : आमच्या माहितीपत्रकातील पोपटी रंग पडद्यावर तजेलदार दिसतो, छापल्यावर मळका होतो. छापखान्याची चूक समजावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुतेक वेळा नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंनी. झगझगीत पोपटी आणि गडद निळा यांतील बऱ्याच छटा त्या चार शाईंच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणून छपाईचे काम पहिल्यापासून सीएमवायकेत करावे आणि कंपनीच्या रंगाचे चार आकडे (चारही शाईंची टक्केवारी) ठरवून लिहून ठेवावेत. इलस्ट्रेटरमध्ये तो रंग 'ग्लोबल स्वॉच' म्हणून साठवला, तर एका ठिकाणी आकडा बदलताच पत्रकातील तो रंग सगळीकडे बदलतो. बारीक काळा मजकूर चार शाईंच्या मिश्रणात ठेवू नये, केवळ काळ्या शाईच्या शंभर टक्क्यांत ठेवावा. अन्यथा एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत सावली येते. नमुना मात्र प्रत्यक्ष कागदावरच मागावा, कारण आर्ट पेपरवर पसंत पडलेला पोपटी तपकिरी खोक्यावर पुन्हा वेगळाच दिसेल.