अर्ज केला तर पोरं नेतील का?

"फॉर्म भरला की घर बघायला माणसं येतात म्हणे. माझं हे असलं घर बघून पोरं संस्थेत टाकली तर?"

पिंपरी-चिंचवडमधल्या एका वस्तीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा घर सोडून गेलेला, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. कमाई महिना साडेसात हजार, त्यातले तीन हजार खोलीभाड्याला. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचा फॉर्म दिला होता. तो कित्येक महिने पिशवीतच पडून होता. समुपदेशनात आमच्याकडे एकट्या आयांकडून हाच प्रश्न वारंवार येतो.

कायदा आधी सांगायला हवा. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. घर दहा बाय दहाचं आहे, नळ बाहेर आहे, आई दिवसभर कामावर असते, एवढ्यावरून बाल कल्याण समिती (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मूल काढून घेत नाही. समिती गंभीरपणे घेते ते मारहाणीच्या खुणा, लैंगिक अत्याचार, मुलाला भीक मागायला किंवा कामाला लावणं, जिवाला धोका. बालसंगोपन योजना तर मूल घरातच राहावं म्हणूनच आहे. २०२३ पासून तिच्यात दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये मिळतात; आधी १,१०० होते.

पण ताईंच्या भीतीत एक खरी गोष्ट होती, आणि ती हळूहळू बोलण्यात आली. दुपारी त्या धाकट्याला मुलीच्या ताब्यात देत आणि बाहेरून कडी लावून कामाला जात. आत गॅसची शेगडी. मुलीची शाळा आठवड्यातून दोनतीन दिवस बुडत होती ती यामुळेच. गरिबी आणि हेळसांड यांत फरक करायचा म्हणजे डोळे झाकायचे असं नव्हे. आईचा नाइलाज समजतो, पण कडी लावणं त्याच आठवड्यात थांबायला हवं होतं. अर्जाचं त्यानंतर.

सोय अशी लागली. धाकट्याला अंगणवाडीत घातलं, तिथे ३ ते ६ वर्षांच्या मुलांना गरम शिजवलेला आहार मिळतो. अंगणवाडी दुपारीच सुटते, म्हणून पुढच्या वेळेसाठी शेजारच्या आजींना महिना पाचशे. सरकारी पाळणाघर जवळ असतं तर जास्त बरं झालं असतं, ते सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला साडेसात तास असतं. पण सगळ्या वस्त्यांत ते नाही. मुलगी रोज शाळेत जाऊ लागली आणि दुपारचं जेवण तिथेच होऊ लागलं.

रेशनचं कोडं वेगळंच निघालं. तिघांची नावं गावाकडे, सासऱ्यांच्या कार्डावर. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे या तिघांचं १५ किलो तिकडेच उचललं जात होतं. आधार जोडलेलं असेल तर आपल्या वाट्याचं धान्य दुसऱ्या शहरातल्या दुकानातही घेता येतं. कायमचा उपाय म्हणजे नाव कमी करून घेणं आणि विभक्त कार्ड. सासरशी बोलणं कमी असेल तर हे काम रेंगाळतं.

अर्ज जातो जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. मुलाचं आणि आईचं आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, फोटो, बँक पासबुक. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. नवरा निघून गेलेल्या बाईकडे काहीच नसतं, आणि ती इथेच अडते. पोलिसांत दिलेली तक्रार, स्वयंघोषणापत्र, नगरसेवकाचा किंवा सरपंचाचा दाखला यांपैकी काय चालेल ते कार्यालयात आधी विचारावं. न विचारता शपथपत्रावर पैसे घालवू नयेत. फॉर्म फुकट आहे. दोन हजार घेऊन 'करून देतो' म्हणणाऱ्याला काही देऊ नये.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतही प्रायोजकत्वाची (स्पॉन्सरशिपची) मदत आहे, महिना ४,००० रुपये. त्यासाठी वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवं. ताईंचं ९०,००० भरत होतं. दोन्हींपैकी कशासाठी नाव पुढे जाईल ते कक्षात विचारून घ्यावं. मात्र एका योजनेसाठी एक आणि दुसरीसाठी दुसराच आकडा असलेला दाखला काढायचा, हा वस्तीत मिळणारा सल्ला धोक्याचा. दोन्ही कागद एकाच टेबलावर आले की खरं सांगूनही कोणी ऐकत नाही.

गृहभेटीची तयारी म्हणजे ताईंना वाटलं, घर सारवायचं, चादरी बदलायच्या, मुलांना उत्तरं पढवायची. त्याची काही गरज नसते. येणारी व्यक्ती पाहते ते मूल खातं-झोपतं कुठे, शाळेत जातं का, आजारी पडलं तर कोण नेतं, आई नसताना कोण असतं. शेवटच्या प्रश्नाला ताईंनी खरं उत्तर द्यायचं ठरवलं: आधी कडी लावत होते, आता आजींकडे ठेवते.

अडचण आली मुलीमुळे. भेटीच्या दिवशी ती मोरीत लपून बसली. कारण घरात रोजची धमकी होती, "ऐकलं नाहीस तर संस्थेत टाकीन." ज्या गोष्टीला आई स्वतः घाबरत होती, तीच ती मुलीच्या अंगावर सोडत होती. त्या दिवशी भेट अर्धवट राहिली आणि दुसरी तारीख घ्यावी लागली.

आमच्या मते खरं समुपदेशन इथून सुरू झालं. मार आणि धमक्या कधी होतात याची नोंद आठवडाभर ठेवली. जवळजवळ सगळं संध्याकाळी सात ते साडेसातमध्ये. ताईंच्या पोटात सकाळी अकराच्या चहापोळीनंतर काही नसायचं, आणि दारात पाय ठेवताच धाकट्याच्या तक्रारी. मग क्रम बदलला: आधी आईने दोन घास खायचे, मग पंधरा मिनिटं मुलांजवळ बसायचं, तक्रारी आणि गृहपाठ त्यानंतर. शेवटच्या घरी निघताना चहासोबत काही मिळेल का, हे मालकिणीला विचारायला ताईंना दोन आठवडे लागले. मार पूर्ण थांबला नाही, बराच कमी झाला. संस्थेची धमकी मात्र थांबली, आणि मुलीला "आपण बोललो ते खोटं होतं" असं आईने स्वतः सांगितलं.

दुसऱ्या भेटीनंतर मुलं समितीपुढे गेली, आदेश झाला. पैसे दरमहा नेमाने येतीलच असं धरू नये. काही महिन्यांचे एकदम येतात, म्हणून भाडं त्यावर बेतू नये. रक्कम न आल्यास आधी बँकेत विचारावं की आधार कोणत्या खात्याला थेट लाभासाठी जोडलं आहे, कारण पैसे त्याच खात्यात जातात आणि ते पासबुक भलत्याच बँकेचं असू शकतं. दर वर्षी नवा बोनाफाईड लागतो. खोली बदलली तर पत्ता लगेच कळवावा. पुन्हा भेटीला आलेल्यांना कुलूप दिसलं की लाभ अडकतो, आणि भाडेकरूंच्या बाबतीत हे नेहमी होतं.